तबियतीचा प्रश्न

लखनौ हे नाव मराठी रसिकापर्यंत दोन वाटांनी पोचले. एक वाट संगीताची. विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या खटपटीतून १९२६ साली तिथे मॅरिस कॉलेज उभे राहिले, श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले, आणि कैसरबागेतल्या ज्या वास्तूला परीखाना म्हणतात तिथे त्याच संस्थेतून वाढलेले विद्यापीठ आज नांदते आहे. दुसरी वाट कथा-कादंबऱ्यांची आणि चित्रपटांची. नवाब, कोठे, अत्तर, पतंग, मुजरे असा सगळा सरंजाम ह्या वाटेने आला, आणि त्याबरोबर लखनौ म्हणजे अखंड भोगाचे शहर ही समजूतही आली. ह्या समजुतीला राजकारणाचाही हातभार होता. १८५६ मध्ये अवध खालसा करताना कंपनी सरकारला वाजिद अली शाह विलासात बुडालेला दाखवणे सोयीचे होते. त्याने स्वतःच आपल्या प्रेमप्रकरणांची हकिगत 'इश्कनामा' ह्या सचित्र ग्रंथात मोकळेपणाने लिहून ठेवलेली असल्यामुळे विरोधकांना फारसे कष्ट पडले नाहीत.

अशा शहरात इच्छेला तोटा कुठला, असे वाटावे. पण चारबाग स्थानकाकडे गाडीने येणाऱ्या प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानातल्या कोणत्याही शहराच्या वेशीवर दिसणारे दृश्यच दिसते. रुळांलगतच्या भिंतींवर चुन्याने आणि निळीने रंगवलेली मोठी अक्षरे, त्यांत 'गुप्त रोग', 'मर्दाना कमजोरी', 'निराश रोगी मिलें' हे शब्द आणि खाली एखाद्या दवाखान्याचा पत्ता. भिंती वाचण्याची सवय समीक्षकांना नसते, आणि ती असायला हवी. एखाद्या समाजाला कशाची लाज वाटते हे त्याच्या कवितेपेक्षा भिंतीवर अधिक ठळकपणे लिहिलेले असते. ह्या भिंतींवरचा मजकूर नीट वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यात सारा भर ताकदीवर असतो. ताकद गेली, ताकद आणा, ताकद टिकवा. ज्याला मुळात इच्छाच होत नाही, अशा माणसाचा तिथे उल्लेखही नसतो. शक्तीचा लोप आणि इच्छेचा लोप ह्या दोन वेगळ्या अवस्था आहेत हे त्या भाषेला ठाऊकच नाही. आणि जो माणूस आपली व्यथा सांगायला निघतो त्याच्याजवळही बहुधा तीच भाषा असते.

वास्तविक हा भेद सांगणारा शब्द लखनौच्याच बोलीत आहे. तो शब्द तबियत. यूनानी वैद्यकात तबियत म्हणजे देहाला आतून चालवणारी, बिघाड झाला तर स्वतःच दुरुस्तीला लागणारी निसर्गशक्ती. बरे करते ती तबियत; हकीम तिचा मदतनीस, एवढीच ह्या शास्त्राची भूमिका आहे. पण उर्दू काव्यात आणि लखनौच्या नित्याच्या बोलण्यात तबियत म्हणजे मनाचा कलही. तबियत कुणावर येते, कशाने उचटते, कधी लागत नाही. एकाच शब्दात देहाचे स्वास्थ्य आणि मनाची ओढ अशी मुरलेली आहेत. मराठीने तो शब्द घेतला तेव्हा त्याची तब्येत झाली आणि ती बव्हंशी देहापुरती उरली. तरी 'तबियतीने गाणे', 'तबियतीने खाणे' ह्या प्रयोगांत जुना अर्थ अजून श्वास घेतो आहे.

मराठीजवळ ह्याच्या तोडीचा आणखी एक प्रयोग आहे. 'अन्नावरची वासना उडाली' असे आपण म्हणतो. कामाच्या संदर्भात वासना हा शब्द आज निंदाव्यंजक झाला आहे. अन्नाच्या संदर्भात तो निर्मळ राहिला. शिवाय अन्नावरची वासना उडालेल्या माणसाला कोणी दुबळा म्हणत नाही, त्याच्या हातापायांतल्या बळाची चौकशी करीत नाही. घरातली माणसे विचारतात, कधीपासून असे होते आहे? ताप येतो का? कसले औषध चालू आहे? मनाला काही लागले आहे का? की ह्या घरचे जेवणच नकोसे झाले आहे? कामेच्छा मंदावलेल्या प्रौढ स्त्रीपुरुषांना शहाण्या डॉक्टराने जे प्रश्न विचारले पाहिजेत, ते जवळजवळ सगळे ह्या घरगुती चौकशीत येऊन जातात.

चौकालगतच्या जुन्या मोहल्ल्यात अझीझी घराण्याच्या हकिमांनी जी परंपरा चालवली तिला हे प्रश्न परके नव्हते. हकीम अब्दुल अझीझ ह्यांनी १९०२ मध्ये तकमील-उत-तिब्ब ही पाठशाळा काढली. यूनानी विद्येत पाश्चात्त्य वैद्यकाची भेसळ नको, ह्याविषयी ते कमालीचे आग्रही होते. दिल्लीच्या हकीम अजमल खान ह्यांची वृत्ती ह्याच्या उलट, म्हणजे देवघेवीला अनुकूल होती. त्या वादात काळाने अजमल खानांना झुकते माप दिले. पण लखनौच्या आग्रहामागे एक सार होते. यूनानी ग्रंथांत कामशक्तीच्या मांद्याला 'जोफ-ए-बाह' म्हणतात आणि त्याचे मूळ केवळ जननेंद्रियांत न शोधता हृदय, मेंदू आणि यकृत ह्या 'रईस' अवयवांतही शोधतात. स्वास्थ्याची जी सहा अनिवार्य कारणे हे शास्त्र मानते, त्यांत हवा, अन्नपाणी, श्रम आणि विश्रांती, झोप आणि जाग, देहातून काय जाते आणि काय राहते ह्यांच्याबरोबरीने मनाच्या हालचाली आणि मनाचा विसावा हेही एक कारण आहे. शोक, भय, संताप, लाज ही सगळी त्यात बसतात. इब्न सीनाने तर अकराव्या शतकात आपल्या 'कानून'मध्ये प्रेमज्वराचे निदान कसे करावे हे सांगून ठेवले आहे. रोग्याच्या नाडीवर बोटे ठेवून एकेक नाव, एकेक मोहल्ला उच्चारावा, आणि नाडी कुठे अडखळते ते पाहावे. ह्या युक्तीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु इच्छा ही कोणाविषयीची तरी इच्छा असते, ती सुटी मोजता येत नाही, हे तीत गृहीत धरलेले आहे.

आयुर्वेदातही असेच आहे. वाजीकरण हे त्याच्या आठ अंगांपैकी एक. म्हणजे हा विषय शास्त्राच्या माजघरातला, ओसरीवरचा नव्हे. सुश्रुताने क्लैब्याचे प्रकार सांगताना आरंभ मानसिक कारणापासून केला आहे: मनाला न रुचणारे भाव, नावडत्या व्यक्तीचा सहवास. चरकाने सगळ्या वाजीकर द्रव्यांच्या वर हर्ष देणाऱ्या सहचारिणीला स्थान दिले. अर्थात ही सारी विचारसरणी पुरुषाच्या बाजूने रचलेली आहे आणि स्त्री तिथे औषध म्हणून येते, रोगी म्हणून नव्हे, हे विसरून चालणार नाही.

औषधांच्या कपाटाविषयी इतके आदराने बोलता येत नाही. माजून, लबूब, केशर, अंबर, अक्कलकारा, मुसळी, सोन्याचे कुश्ते ही यादी श्रीमंतीने डोळे दिपवणारी आहे. त्यातली काही द्रव्ये पौष्टिक आहेत, काही सुगंधी. पण इच्छा उत्पन्न करण्याचा ठोस पुरावा त्यांतल्या बहुतेकांच्या मागे नाही. धातूंची भस्मे नीट सिद्ध न झाल्यास पारा आणि शिसे पोटात जाते. सालब मिश्री म्हणून जे कंद विकले जातात ते ऑर्किडचे, आणि हिमालयातल्या त्या वनस्पती ह्या मागणीपायी दुर्मिळ होत चालल्या आहेत. पदपथावर सांड्याचे तेल म्हणून जे विकले जाते त्यासाठी काटेरी शेपटीचा एक निरुपद्रवी सरडा मारला जातो. कायद्याने तो संरक्षित आहे, पण सरड्याला कायदा वाचता येत नाही आणि गिऱ्हाइकाला वाचायचा नसतो. 'शुद्ध वनौषधी' म्हणून खपणाऱ्या गोळ्यांत सिल्डेनाफिल हे आधुनिक औषध गुपचूप मिसळलेले अनेक देशांतल्या औषध-नियंत्रकांना आढळले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या रोग्याच्या पोटात असे मिश्रण गेले तर रक्तदाब एकाएकी कोसळून तो दगावू शकतो.

नाडी पाहणाऱ्या हकिमापासून भिंतीपर्यंतचा हा प्रवास एका दिवसात झाला नाही. १८५८ साली लखनौत नवल किशोर ह्यांचा छापखाना निघाला आणि तिब्बचे अरबी-फारसी ग्रंथ उर्दूत स्वस्तात मिळू लागले. ज्ञान मोकळे झाले, ही केवढी मोठी गोष्ट! पण पुढे छापखाना आणि टपाल एकत्र आल्यावर औषधालाही वैद्याची गरज उरली नाही. वर्तमानपत्रात जाहिरात वाचावी, पत्र टाकावे, व्ही.पी.ने डबी घरी यावी. ह्या व्यवहारात संभाषण तेवढे गळाले. रोग्याला कोणी काही विचारीत नाही. उलट काय झाले आहे ते जाहिरातच त्याला सांगते.

हीच गोष्ट मुंबईत र. धों. कर्वे ह्यांनी ओळखली होती. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' एकाकीपणे चालवले, आणि त्या मासिकाचा खरा प्राण वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होता. विचारणारे निनावी, उत्तर देणारा मात्र नावानिशी उभा. ह्या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले, आणि तरी कर्व्यांना दंड झाला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ह्या प्रसंगाला मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी होती. पुढे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचारविषयक कायद्याने कामसुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी घातली. भिंती अजून रंगतात. बंदीने जाहिरात थांबली नाही, आणि प्रश्नाला उत्तर देणारी माणसेही त्यामुळे वाढली नाहीत.

अशा जाहिराती ज्या भीतीवर पोसतात तिला नाव देणारा माणूस लखनौतच शिकला. नरेंद्रनाथ विग ह्यांचे वैद्यकीय शिक्षण किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात झाले, आणि १९६० मध्ये त्यांनी 'धात सिंड्रोम' ही संज्ञा वापरली. वीर्य जाते म्हणून शक्ती जाते, रक्ताच्या कित्येक थेंबांतून त्याचा एक थेंब बनतो, ह्या परंपरागत धारणेने पछाडलेले तरुण थकवा, उदासी, निरुत्साह घेऊन येतात. तपासणीत देह धडधाकट निघतो. विग ह्यांनी ह्या रोग्यांना वेडे ठरवले नाही की खोटारडे. त्यांच्या दुःखाला त्यांच्याच बोलीतला शब्द दिला, आणि उदासीनता ही अनेकदा मूळ व्याधी असते इकडे लक्ष वेधायला वाट करून दिली. इच्छा गेली म्हणून आलेला माणूस पुष्कळदा जगण्यावरचीच इच्छा गेलेला असतो.

१९९८ साली सिल्डेनाफिलला अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा जगभर जो गाजावाजा झाला त्यात हे सगळे पुन्हा बुडून गेले. गंमत अशी की शक्ती आणि इच्छा ह्यांतला भेद त्याच गोळीने सर्वांत स्पष्ट केला. ती रक्तवाहिन्या सैल करते, रक्ताचा ओघ वाढवते, पण मन तिकडे वळलेले असेल तरच. ओढ निर्माण करणे तिच्या कक्षेत नाही. पंचेचाळिशीचा एखादा कारकून, कर्जाने वाकलेला, रात्री उशिरा घरी येणारा, ही गोळी दुकानातून परस्पर आणून घेतो, काही घडत नाही, आणि तो आपल्याला कायमचा नादुरुस्त समजून भिंतीवरच्या पत्त्याकडे वळतो. त्याची गोळी चुकली नव्हती, त्याचा शब्द चुकला होता.

त्याला योग्य जागी नेले तर काय होते? आधी काळ विचारला जातो. पूर्वीपासून असे आहे की अलीकडे झाले, सर्वत्र आहे की एकाच नात्यात. मग औषधे. उदासीनतेवरच्या कित्येक प्रचलित गोळ्या इच्छा मंद करतात. रोग्याने त्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टर मात्रा कमी करतो किंवा ब्युप्रोपिऑनसारखे वेगळे औषध निवडतो. अफूवर्गीय वेदनाशामके, काही मनोविकारांवरची औषधे, दारू, ह्यांचाही असाच परिणाम होतो. मग रक्त. थायरॉइड, मधुमेह, मूत्रपिंडे. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले असेल तर मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथीवर बारीकशी गाठ असू शकते, आणि कॅबरगोलीनच्या गोळ्यांनी ते उतरले की हरवलेली इच्छा परतलेली दिसते. टेस्टोस्टेरॉन सकाळच्या रक्तात, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायचे. ते खरोखर कमी असेल आणि त्याची लक्षणे असतील तरच पुरुषाला बाहेरून द्यायचे. सरसकट दिले तर रक्त दाट होते, आणि मूल हवे असलेल्या पुरुषात शुक्रजंतूंची निर्मितीच मंदावते. ताकदीसाठी घेतलेल्या सुईने वांझपण पदरी यावे, हा दैवाचा खेळ नव्हे. न विचारता टोचण्याचा परिणाम आहे.

ह्यांपैकी काही निघाले नाही तर उरते ते दोघांचे बोलणे. मास्टर्स आणि जॉन्सन ह्यांनी १९७० मध्ये मांडलेल्या उपचारात जोडप्याला आरंभी समागमाची चक्क मनाई असते. स्पर्श करावा, पण काही साधायचे म्हणून नव्हे. हेलन सिंगर कॅप्लन ह्यांनी १९७९ मध्ये इच्छेचे विकार वेगळे काढून त्यांवर ग्रंथ लिहिला. म्हणजे शक्तीहून इच्छा निराळी, हे पाश्चात्त्य वैद्यकालाही इतक्या उशिरा नीट दिसले. शिवाय आज निदानासाठी एक अट असते: इच्छा कमी असल्याचा त्या व्यक्तीला स्वतःला क्लेश होत असला पाहिजे. किती म्हणजे कमी, ह्याचे कोष्टक कुठेच नाही. ज्याला ओढ नाही आणि ओढ नसल्याची खंतही नाही, तो रोगी नव्हे.

ही अट वाचताना एक शंका येते. क्लेश कोणाचा? कारण इच्छा कमी असणारी जर पत्नी असेल, तर क्लेश बहुधा दुसऱ्याच्या नावावर नोंदला जातो. भिंतीवर तिच्यासाठी एक अक्षर नाही. बोलीत तिच्यासाठी 'थंड' एवढाच शब्द, तोही विशेषण नसून निकाल. लखनौच्या साहित्यात मात्र एके काळी तिचा आवाज होता. रेख्ती हा उर्दूतला काव्यप्रकार स्त्रीच्या तोंडून, जनान्यातल्या बोलीत, तिच्या आवडीनिवडी आणि रुसवे सांगत असे. रंगीन आणि इंशा ह्यांनी तो गाजवला, आणि जान साहब तर ओढणी घेऊन मुशायऱ्यात रेख्ती म्हणत. लिहिणारे पुरुष होते, हे खरे. आपल्या लावणीचेही तेच आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सभ्यतेच्या नव्या कल्पनांनी रेख्ती अश्लील म्हणून झाडून काढली, आणि स्त्रीच्या इच्छेला जी उसनी का होईना भाषा होती तीही गेली. अलाहाबादेत यशोदादेवी ह्या वैद्य स्त्रीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्त्रियांसाठी औषधालय चालवले, ढीगभर पुस्तके लिहिली, आणि दुरून दुरून बायका तिला पत्रे लिहीत. त्या पत्रांच्या लेखिकांना हकिमाच्या पडद्याआडून हात पुढे करण्यापलीकडे दुसरी वाट नव्हती.

स्त्रीच्या बाबतीत औषधशास्त्रही अजून चाचपडते आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये फ्लिबान्सेरिनला आणि २०१९ मध्ये ब्रेमेलानोटाइडच्या टोचणीला मान्यता मिळाली. दोन्ही मान्यता त्या वेळी रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांसाठी होत्या, आणि दोन्हींचा लाभ माफकच. रजोनिवृत्तीनंतर अल्प मात्रेत टेस्टोस्टेरॉन उपयोगी पडू शकते, असे २०१९ मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्रितपणे म्हटले. पण त्याही आधी साधी गोष्ट असते. त्या वयात ओलावा कमी होऊन संबंध दुखरा होतो. जे दुखते ते नकोसे होते. इस्ट्रोजेनचे स्थानिक मलम पुष्कळदा पुरते. कॅनडातल्या रोझमेरी बेसन ह्यांनी २००० साली मांडले की दीर्घ सहवासातल्या कित्येक स्त्रियांत इच्छा आधी येत नाही, जवळीक आणि सुख ह्यांच्या मागोमाग येते. तेव्हा ती आधी नाही म्हणून ती नाहीच असे समजू नये. जवळीक नसेल, दिवसभर अपमान असेल, भीती असेल, तर इच्छा न होणे हे देहाचे शहाणपण म्हणावे लागेल. अशा ठिकाणी औषध देणे म्हणजे फिर्यादीचे तोंड बंद करणे.

गोमतीकाठी छत्तर मंजिल नावाचा नवाबांचा राजवाडा आहे. १९५१ मध्ये त्यात केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली आणि ती नव्या इमारतीत जाईपर्यंत साठ वर्षे तिथे प्रयोगशाळा चालली. बेगमांच्या महालांत परीक्षानळ्या मांडून देशी शास्त्रज्ञांनी जे नामांकित औषध शोधले ते सेंटक्रोमन, म्हणजे 'सहेली'. १९९१ पासून ती बाजारात आली, आणि २०१६ मध्ये 'छाया' ह्या नावाने सरकारी कार्यक्रमात. आठवड्याच्या हिशेबाने घ्यायची, संप्रेरकरहित गर्भनिरोधक गोळी. हे काम अभिमानास्पदच आहे. स्त्रीच्या देहाशी शासनाचे जे नाते जुळले ते मात्र मुलांच्या संख्येवरून जुळले, आणि ते अजून तसेच आहे. शहरातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात रांगेतून आत गेलेल्या बाईला पाळी विचारतात, मुले किती, शेवटचे कधी झाले, काय वापरता, भूक लागते का, झोप येते का. बरोबर नवरा असेल तर उत्तरे बहुधा तोच देतो, आणि पुढच्या बाईला हाक मारली जाते.